टीव्हीखाली कॉम्प्युटर ठेवावा का?

एक कागद घ्या, त्यावर दोन रकाने पाडा आणि घरातल्या टीव्हीवर आठवडाभर जे काही पाहिलं जातं ते लिहीत जा. नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टार, यूट्यूब, डीटीएच हे सगळं डावीकडे. स्वतःच्या डिस्कवरचं, सीडीवरचं, पेनड्राइव्हवरचं, मोबाइलमधलं उजवीकडे. आठवड्याअखेर उजवा रकाना कोराच असेल, तर होम थिएटर कॉम्प्युटरचा विचार सोडून द्या आणि चार-सहा हजारांची, टीव्हीत खोचायची चांगली ४के स्ट्रीमिंग स्टिक घ्या. तिच्या तिप्पट पैसे मोजून आणलेला कॉम्प्युटर डाव्या रकान्यातल्या गोष्टी तिच्यापेक्षा वाईटच दाखवेल.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मेख प्रोसेसरच्या ताकदीत नाहीच, कुलपात आहे. ओटीटी कंपन्या चित्र कुलूपबंद करून पाठवतात आणि ते समोरच्या उपकरणात कितपत सुरक्षित जागी उघडलं जाणार, यावर किती रेझोल्यूशन द्यायचं ते ठरवतात. गूगलच्या वाइडवाइन या कुलपाच्या पातळ्या आहेत. चांगली स्टिक किंवा अँड्रॉइड टीव्ही एल१ पातळीवर असतो, म्हणजे कुलूप उघडणं आणि चित्र डीकोड करणं (दाबलेला व्हिडिओ उलगडणं) दोन्ही चिपच्या बंदिस्त भागात होतं. कॉम्प्युटरवरच्या क्रोमला साधारणपणे एल३ मिळतं, म्हणजे सगळं सॉफ्टवेअरमध्ये, आणि म्हणून ४के नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम असेल तर याहून बिकट अवस्था.

नेटफ्लिक्सचं ४के २०१६च्या शेवटी विंडोजवर आलं, पण अटींची माळ घेऊन. एज ब्राउझर किंवा नेटफ्लिक्सचं विंडोज ॲप हवं, इंटेलची सातव्या पिढीची किंवा पुढची चिप (किंवा तेवढं जमणारं ग्राफिक्स कार्ड) हवी, एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीचं एक्स्टेंशन हवं, प्रीमियम प्लॅन हवा, आणि कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत मध्ये येणारं प्रत्येक उपकरण एचडीसीपी २.२ (एचडीएमआय वायरीवरचं कुलूप) पाळणारं हवं. साखळीत एखादा जुना ॲम्प्लिफायर किंवा स्वस्तातला एचडीएमआय स्प्लिटर आला की चित्र गुपचूप खालच्या रेझोल्यूशनवर उतरतं. का उतरलं, ते पडद्यावर कुठेही येत नाही. शिवाय ब्राउझर सोफ्यावर बसून माऊसने चालवायचा, हे घरातल्या ज्येष्ठांना समजावून पाहा.

सेट-टॉप बॉक्स काढून कॉम्प्युटरवरच वाहिन्या पाहायच्या आणि रेकॉर्ड करायच्या, हे जुनं स्वप्न. मायक्रोसॉफ्टने २००२ साली विंडोज मीडिया सेंटर आणलं ते त्याच्याच जोरावर, आणि २०१५ साली विंडोज १० बरोबर ते बंदही केलं. आपल्याकडे खासगी डीटीएचच्या वाहिन्या त्या-त्या कंपनीच्या बॉक्सशी आणि कार्डाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे ट्यूनर (कॉम्प्युटरला वाहिन्या पकडून देणारं यंत्र) विकत घेऊन उपयोग नाही. अपवाद डीडी फ्री डिशचा. ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येणाऱ्या त्यातल्या विनाकुलूप वाहिन्या यूएसबीचा डीव्हीबी-एस२ (उपग्रह वाहिन्यांचा) ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर वापरून पाहता आणि रेकॉर्ड करता येतात. पण तेवढ्यासाठी कॉम्प्युटर घेऊ नका.

आता उजवा रकाना. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो भरलेला असतो, फक्त कपाटाच्या वरच्या फळीवर, खोक्यात. लग्न, मुंज, बारसं, आजोबांची पंचाहत्तरी, नाटकांच्या आणि जुन्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी, मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावरून उतरवलेल्या डीव्हीडी. कॉम्प्युटरचा खरा उपयोग इथे आहे. आणि या गोष्टींना जागा फार लागत नाही. एका व्हीसीडीत जास्तीत जास्त ७००-८०० एमबी असतं, एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी. दोनशे व्हीसीडी आणि पन्नास डीव्हीडी धरल्या तरी ४०० जीबीच्या आत काम होतं. एक टीबीची एसएसडी पुरते. चार डिस्कांचा नॅस (घरच्या नेटवर्कवरचं साठवणीचं खोकं) घ्यायला सांगणाऱ्याला आधी तुमचा रकाना दाखवा. वाढ होते ती मोबाइलमुळे. आयफोनवर एचईव्हीसीमध्ये ४के ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण १७० एमबी घेतं, म्हणजे तासाला दहा जीबी. ६० फ्रेम ठेवलं तर मिनिटाला ४०० एमबी.

व्हीसीडी उतरवताना लोक हमखास अडतात, म्हणून जरा सविस्तर. चकतीतल्या एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फायली असतात. विंडोजवर त्या नुसत्या कॉपी होतात आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतातही. लिनक्सवर मात्र तीच कॉपी ‘इनपुट-आउटपुट एरर’ देऊन थांबते, आणि माणूस समजतो चकती गेली. चकती बहुधा ठीक असते. व्हीसीडीवरचा व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो: साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट असतात, यात २३२४. जास्तीची जागा चूक दुरुस्त करणाऱ्या माहितीला कात्री लावून मिळवलेली आहे, त्यामुळे ओरखड्यांचा त्रासही व्हीसीडीला जास्त. लिनक्सवर व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा, ते सरळ एमपीजी फाइल काढून देतं. विंडोजवर कॉपी केलेली डॅट फाइल एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या मोफत सॉफ्टवेअरने एमपीजीमध्ये बदला, पण ‘कॉपी’ पर्याय देऊन, पुन्हा एन्कोड न करता. मुळात ३५२ बाय २८८चं, सेकंदाला ११५० किलोबिटचं चित्र; त्यावर आणखी एकदा एन्कोडिंग चालवलं तर उरलंसुरलं जातं.

वाचत नसलेली चकती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली घरी लिहिलेली सीडी दुसरा ड्राइव्ह मुकाट वाचतो. यूएसबीचा डीव्हीडी रायटर मध्येच बंद पडत असेल तर त्याला बहुधा एका पोर्टमधून पुरेशी वीज मिळत नाहीये. दोन तोंडांची वायर लावा.

लग्नाच्या डीव्हीडीची अडचण वेगळी. कॅमेरा ५७६आय, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आलटून पालटून. टीव्हीवर तशीच दाखवली तर अक्षता टाकणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. नीट डीइंटरलेसिंग (या ओळी सुट्या करून पूर्ण चित्रं बनवणं) केलं तर सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रं मिळतात आणि हालचाल एकदम जिवंत वाटते. ‘एमपी४ करून देतो’ म्हणणारी दुकानं बहुधा अर्ध्या ओळी गाळून २५ फ्रेमची फाइल हातात देतात. ते नुकसान भरून येत नाही, तेव्हा डीव्हीडीतल्या मूळ व्हिडिओच्या व्हीओबी फायली जशाच्या तशा जपा.

यालाच जोडून हर्ट्झचा, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो त्याचा हिशेब, जो भारतात जास्त लागू पडतो. आपलं दूरदर्शन, आपल्या व्हीसीडी, लग्नाचे कॅमेरे हे सगळं सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांच्या घरातलं. सिनेमा २४चा किंवा २३.९७६चा. आणि स्टिक व टीव्हीचं आतलं ॲप बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर अडून बसतं. साठाला पंचविसाने भागलं की २.४ येतं, म्हणून काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात, आणि कॅमेरा मांडवावरून आडवा फिरला की चित्र अडखळतं. चोवीसच्या सिनेमालाही ६०वर हेच होतं. अगदी २३.९७६ची फाइल नेमक्या २४ हर्ट्झवर लावली तरी साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते. ते फारसं कुणाला जाणवत नाही. कॉम्प्युटरवर कोडी हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलसाठी टीव्हीचे हर्ट्झ बदलून देतं. जुना संग्रह मोठा असेल तर एवढ्या एका गोष्टीसाठी कॉम्प्युटर घेणं मला पटतं.

घ्यायचाच तर कोणता? इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी. नुसतं पाहण्यासाठी याहून जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. चिप ६ वॉटची, ४के एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तिन्ही पद्धतींचा व्हिडिओ हार्डवेअरमध्ये डीकोड करणारी. बाजारभाव पंधरा-वीस हजारांच्या आसपास फिरत असतो. घेताना एचडीएमआय पोर्ट २.० किंवा वरचं आहे ना, तेवढं पक्कं करा. १.४ असेल तर ४के ३० हर्ट्झपर्यंतच मिळेल आणि ५० व ६० हर्ट्झचा हिशेब वाया.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फिरलात तर ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप दाखवतील. वाईट नसतात, पण पिढी विचारा. इंटेलची सहावी पिढी १०-बिट एचईव्हीसी धडपणे करत नाही, म्हणजे ४के एचडीआरला (उजेड-सावलीचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राला) ती निकामी. सातवी करते. एव्ही१ अकराव्या पिढीपासून. विंडोज ११ आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा जुन्या मशीनवर लिनक्सच टाकायचं हे धरून चाला. आणखी एक फसगत: या मशीनना बऱ्याचदा एचडीएमआय नसतंच, डिस्प्लेपोर्ट असतं. दोनशे रुपयांचा साधा कन्व्हर्टर ४के ३० हर्ट्झवर अडतो. ६० हवं असेल तर ॲक्टिव्ह प्रकारचा, एचडीएमआय २.० लिहिलेला कन्व्हर्टर मागा.

रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पण चालतो. त्यात ४के एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये होतं. जुन्या एच.२६४ पद्धतीचा हार्डवेअर डीकोडर त्यात नाही आणि एव्ही१चाही नाही, पण १०८०पी एच.२६४ प्रोसेसरच सहज ओढतो. टीव्हीच्याच रिमोटवर चालणं (एचडीएमआय-सीईसी) त्यात मुळातच आहे, मिनी पीसीत बहुधा नसतं. मात्र ५ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा चार्जर, केस, पंखा, मायक्रो-एचडीएमआयची वायर, मेमरी कार्ड असं एकेक जोडत गेलं की बिल एन१००च्या जवळ सरकतं.

सॉफ्टवेअर म्हणून लिब्रइलेक टाका. म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स. पेनड्राइव्हवरून पंधरा मिनिटांत बसतं, आणि विंडोजसारखं ऐन सिनेमात अपडेट मागत नाही. बसल्यावर सेटिंगमध्ये मेनूचं रेझोल्यूशन १०८०पी ठेवा, ४के मेनूने छोटी चिप उगीच दमते. ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ करा. व्हाइटलिस्टमध्ये (चालतील त्या पर्यायांच्या यादीत) १९२० बाय १०८० आणि ३८४० बाय २१६० या दोन्हींचे २३.९८, २४, २५, ५०, ५९.९४ आणि ६० हे पर्याय टिकमार्क करा. टीव्ही २५ दाखवत नसेल तर दुप्पट रिफ्रेश रेटला परवानगी द्या, म्हणजे २५ची फाइल ५०वर चालेल.

टीव्हीच्या बाजूनेही दोन कामं. त्या एचडीएमआय पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ असा पर्याय असतो, तो चालू केल्याशिवाय ४के ६० हर्ट्झ आणि एचडीआर दोन्ही एकत्र येत नाहीत. दुसरं, चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करा. कुठे त्याचं नाव ‘जस्ट स्कॅन’ असतं, कुठे ‘फिट टू स्क्रीन’.

काळा रंग राखाडी दिसणं किंवा अंधाऱ्या प्रसंगात काहीच न दिसणं ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार. कॉम्प्युटर ० ते २५५ या पट्ट्यात रंग पाठवतो, व्हिडिओची दुनिया १६ ते २३५ मध्ये राहते. दोघांचं जुळलं नाही की एकतर सगळं धुवट दिसतं, नाहीतर सावल्या चिखल होतात. कोडीत आणि टीव्हीत दोन्हीकडे ‘लिमिटेड’ ठेवा, किंवा दोन्हीकडे ‘फुल’. टीव्हीचा ब्राइटनेस हलवून हे सुटत नाही. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकाराचा नाद मात्र कॉम्प्युटरवर नको. त्यातला प्रोफाइल ५ प्रकार न समजणाऱ्या प्लेअरमध्ये माणसं हिरवी-जांभळी दिसतात. साध्या एचडीआर१० वर समाधान माना.

आवाजात संवाद बारीक आणि संगीत मोठं येत असेल, तर कोडीत स्पीकर ५.१ (म्हणजे सहा) निवडलेले आणि घरात टीव्हीचे दोनच, असं असण्याची शक्यता दाट. मधल्या चॅनेलचे संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात. २.० निवडा. साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असेल आणि ट्रूएचडी ॲटमॉस हा सराउंड आवाज हवा असेल, तर टीव्हीचा साधा एआरसी (एचडीएमआयमधूनच आवाज परत बाहेर नेणारी सोय) तो नेत नाही, ई-एआरसी लागतं; नाहीतर कॉम्प्युटर थेट ॲम्प्लिफायरला जोडा. प्रत्येक फाइलचं पहिलं अर्धं सेकंद मुकं जात असेल तर ‘कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह’ला ‘ऑलवेज’ करा.

मराठी सबटायटलांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाका आणि सबटायटलचा फॉन्ट म्हणून निवडा. जोडाक्षरं फुटत असतील तर आवृत्ती जुनी आहे. २०व्या आवृत्तीपासून सबटायटल लिबास या लायब्ररीतून जातात आणि ‘क्ष’ ‘क्ष’च राहतो. आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी.

रिमोटसाठी स्वस्त एअर माऊस घेतला आणि तो अडखळू लागला, तर रिमोटला शिव्या देण्याआधी त्याचा यूएसबी तुकडा कुठे खोचलाय ते पाहा. यूएसबी ३.० पोर्टाचा आणि डिस्कच्या वायरीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन लावून तो पुढे आणला की काम होतं. फ्लर्क नावाचा इन्फ्रारेड रिसीव्हर घेतला तर घरातला कुठलाही जुना रिमोट शिकवता येतो.

इतकं सगळं लिहूनही, बहुतेक घरांना कॉम्प्युटर टीव्हीखाली ठेवण्यापेक्षा राऊटरशेजारी ठेवणं जास्त सोयीचं पडेल असं मला वाटतं. तोच एन१००, त्यावर जेलिफिन हा मोफत सर्व्हर, आणि टीव्हीला स्टिक. दोन्ही रकाने एकाच रिमोटवर, आणि आईच्या खोलीतल्या टीव्हीवरही तेच लग्न दिसतं. प्रत्येक चित्रपटाचा वेगळा फोल्डर, नाव आणि पुढे कंसात साल, एवढी शिस्त पाळली की पोस्टर आपोआप येतात. घरगुती व्हिडिओंसाठी ‘होम व्हिडिओज’ प्रकारची वेगळी लायब्ररी करा, नाहीतर तुमच्या मुंजीला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटेल. इंटेलचं क्विक सिंक (चिपमधली व्हिडिओ बदलण्याची सोय) चालू करा आणि डीइंटरलेसिंग करताना फ्रेम दुप्पट करण्याचा पर्यायही. काही स्टिकमध्ये ५० हर्ट्झ हाताने निवडता येतं. लग्न पाहण्यापुरतं ते करा. ब्लू-रेवरची चित्ररूप सबटायटल सर्व्हरला चित्रावर छापून पाठवावी लागतात आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड होतो, तेव्हा शक्य तिथे मजकुराची एसआरटी फाइल ठेवा. मोठ्या ४के फायलींना टीव्हीचं लॅन पोर्ट वापरू नका. बऱ्याच टीव्हींचं ते १०० मेगाबिटचंच असतं, आणि यूएचडी ब्लू-रेचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत चढतो. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय त्यापेक्षा बरं. मुलगी न्यू जर्सीला असेल तर तिलाही हा संग्रह पाहता येतो, फक्त आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, म्हणून पोर्ट उघडण्याच्या खटपटीत न पडता दोन्हीकडे टेलस्केल हे लांबची उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर टाका.

चोवीस तास चालू ठेवायचं म्हटल्यावर विजेचा हिशेब. दहा वॉटचं मशीन वर्षाला ८८ युनिटच्या आत राहतं. दहा रुपये युनिट धरलं तर पावणेनऊशे रुपये. माळ्यावरचा जुना टॉवर रिकामा बसूनही ५० वॉट ओढत असेल तर ४३८ युनिट, म्हणजे चार हजार तीनशेच्या वर. ‘घरात पडलाय तोच वापरू’ हे चार-सहा वर्षांत महागात जातं.

लाइट जाण्याची सोय आधी करा. राऊटर आणि मिनी पीसी मिळून वीस-पंचवीस वॉट, त्याला ६०० व्हीएचा साधा यूपीएस भरपूर झाला. इन्व्हर्टर असला तरी तो वीज बदलताना घेतो तेवढ्या क्षणात मिनी पीसी रीस्टार्ट होऊ शकतो, आणि रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाला असे झटके मानवत नाहीत. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर चालू हो’ हा पर्याय लावून ठेवा. मशीन बंद काचेच्या कपाटात नको, मागे दहा सेंटीमीटर मोकळे हवेत. विदर्भातल्या मे महिन्यात बिनपंख्याचं मॉडेल घेऊच नका. कोकणात समुद्राजवळ असाल तर उघड्या पोर्टांवर रबरी टोप्या लावा.

आणि चकत्या उतरवून झाल्या म्हणून रद्दीवाल्याला देऊ नका. संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवा. दिवाळीला जाल तेव्हा नवीन फायली भरून परत तिथेच.